आजाचा खडप

मुरबे गावच्या धर्माजी तांडेलाला "आज मासे कुठं लागले?" असं कोणी विचारलं, की त्याचा उजवा हात आपोआप वर जाई आणि बोट दक्षिणेकडे वळे. मासे उत्तरेला लागलेले असत. अगदी पश्चिमेला लागले असले तरी बोट दक्षिणेलाच. यात आपण खोटं बोलतोय असं त्याला कधी वाटलं नाही. बापानं ज्या वर्षी पोहायला शिकवलं त्याच वर्षी हेही शिकवलं होतं, आणि बापाला त्याच्या बापानं. आपली जागा कुणाला सांगायची नाही, आणि दुसऱ्याची ठाऊक असली तरी तोंडातून काढायची नाही, एवढी दोनच कलमं होती. बाकीचं पाप-पुण्य देवळातला देव बघून घेई.

जागाही तशीच होती म्हणा. किनाऱ्यापासून होडीनं दीड तास आत, वायव्येच्या अंगाला, समुद्राच्या तळाशी खडकांचा एक उंचवटा होता. वरून बघणाऱ्याला नुसतं पाणी. पण थंडीत तिथं घोळ मासा येऊन बसे, एकेक असा की उचलायला दोन माणसं लागावीत. धर्माजीच्या आजानं ती जागा शोधली म्हणून घरात तिला 'आजाचा खडप' म्हणत, तेही दार लोटून. पोचायच्या खुणा दोन. काळदुर्ग गडाचं टोक गावच्या देवळाच्या कळसावर यायला हवं, आणि त्याच वेळी वरच्या, म्हणजे उत्तरेच्या अंगाला घिवली गावच्या झाडीमागून एक जुळा ताड बाहेर पडायला हवा. पुढे तो ताड वादळात पडला तेव्हा धर्माजी दोन हंगाम हवालदिल होऊन हिंडला. मग सरकारनं तारापूरला अणुशक्तीचं केंद्र काढलं आणि बरोबर त्याच रेषेत एक उंच धुराडं उभं केलं. देशाला वीज मिळाली ती मिळालीच, पण ते धुराडं मुळात आपल्या सोयीसाठी बांधलंय याबद्दल धर्माजीला तिळमात्र शंका नव्हती.

खडप जवळ आला की तो आपल्या तिघा खलाशांना जमिनीकडे पाठ करून बसवी, खुणा दिसायला नकोत म्हणून. त्याचा मेहुणा जिव्या वीस वर्षं असा पाठ करून बसत आला होता. "भावोजी, मान आखडली," एवढीच त्याची तक्रार. इतर तांडेल तळाला जाळी टाकली की वर बोया सोडत, त्याला रंगीत फडकं बांधत. धर्माजी बोयाची दोरी आखूड ठेवी. बोया दोन वाव, म्हणजे दोन पुरुष, पाण्याखाली राही, आणि जाळी काढायला परत आला की तो खुणा जुळवून, लोखंडी आकडा फिरवून त्याला वर काढी. बोयाही आजाच्याच हातचा होता, पांगाऱ्याच्या लाकडाचा, झिजून गुळगुळीत झालेला.

त्या वर्षीची जाळी नवी कोरी होती. राहीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पावसाळ्याचे चार महिने ओटीवर बसून ती विणली होती. बोटांना चिरा पडल्या, त्यावर खोबरेल लावून विणली. जानेवारीच्या उधाणाला धर्माजीनं ती खडपावर टाकली आणि आता चार दिवसांनी जाऊन काढायची, असा बेत करून तो घरी आला. त्याच संध्याकाळी मच्छीमार सोसायटीचा शिपाई निरोप घेऊन आला, की उद्या सकाळी सगळ्या तांडेलांनी हापिसात जमायचं, तेलवाले आलेत.

तेलवाले म्हणजे तेल शोधणारे नव्हेत. ते गॅस शोधत होते, पण गावानं एकदा नाव ठेवलं की सरकारलाही ते बदलता येत नाही. सोसायटीच्या हापिसात टेबलावर समुद्राचा भलामोठा नकाशा पसरला होता आणि त्याच्यामागे चंद्रभान नावाचा तिशीच्या आतला साहेब उभा होता. मूळचा बीडकडचा. समुद्र त्यानं नोकरी लागल्यावर पहिल्यांदा पाहिला होता आणि अजून त्याला तो पोटात मानवत नव्हता.

"आमच्या गावात पाणाड्या असतो," तो सांगत होता. "हातावर नारळ धरून रानातनं चालतो. नारळ उभा राहिला की म्हणतो, इथं खणा. आम्ही तेच करतो. फक्त आमचा नारळ फार महाग आहे."

तांडेल हसले. मग त्यानं नीट समजावलं. एक मोठं जहाज येईल. त्याच्यामागे दीड मैल लांबीचा रबरी दोर पाण्यातून ओढला जाईल. जहाज दर थोड्या वेळानं पाण्यात हवेचा बार काढेल, त्याचा आवाज तळाच्या खाली खोलवर जाऊन परत येईल आणि दोरातली यंत्रं तो ऐकतील. त्यावरून खाली गॅस आहे की नाही ते कळेल. मुश्कील एवढीच, की वाटेत कुणाची जाळी असली तर तो दोर ती ओढून नेणार.

"म्हणून तुमच्या जागा मला सांगा," चंद्रभान म्हणाला. "खाली गॅसचा खजिना असला तरी तिथं जहाज जाणार नाही. हा माझा शब्द आहे."

डोलीचे, म्हणजे पिशवीसारखी जाळी बांधायचे, खुंट सगळ्यांना दिसतातच, ते पटापट लिहून झाले. तळाच्या जाळ्यांची पाळी आली तसे बाकीचेही एकेक उठून बोट ठेवून आले, कारण त्यांचे बोये वर दिसत होते. सोसायटीचा सेक्रेटरी महादू यादी वाचत होता. कोपऱ्यात खाडीपलीकडच्या सातपाटीचा भिका तांडेल बशीतून चहा पीत बसला होता. सातपाटीच्या वतीनं तो आला होता. धर्माजी आणि भिका एकमेकांवर नजर ठेवून म्हातारे झाले होते.

"धर्माजी तांडेल," महादूनं पुकारलं.

धर्माजी उठला. नकाशावर त्याला खडप लगेच दिसला. खोली दाखवणारे आकडे तिथं एकदम कमी होत होते. बोट त्या आकड्यांकडे निघालंही होतं. तेवढ्यात मागे बशी वाजली, भिका बघत होता, आणि बोट आपल्या जन्माच्या सवयीनं खाली दक्षिणेकडे घसरलं. सातपाटीच्याही खाली, एका अशा जागी जाऊन थांबलं जिथं कुणाचंच जाळं नव्हतं.

"हितं," धर्माजी म्हणाला.

भिकाला चहाचा ठसका लागला. साहजिकच होतं. त्या जागेला दोन्ही गावं 'वांझ पाणी' म्हणत, तिथं जाळं टाकलं तर काळा वास मारणारा चिखल वर येई आणि मासा औषधालाही मिळत नसे. धर्माजीच्या बापाला त्या जागेची आणखी एक गंमत ठाऊक होती. भरती-ओहोटीच्या मधल्या वेळी, वारा अगदी पडलेला असला, की तिथं तळातून बुडबुडे येत. दर्यातला म्हातारा खाली हुक्का ओढत बसलाय, असं बाप सांगे. धर्माजीनं स्वतः ते तीनदा पाहिलं होतं. पण निवडताना त्याच्या डोक्यात हुक्का नव्हता. तिथं कुणीच जात नाही, म्हणून कुणी खोटं पाडणार नाही, एवढाच त्याचा हिशेब होता.

चंद्रभाननं त्या जागेभोवती लाल पेन्सिलीनं मोठा चौकोन काढला आणि आत नाव लिहिलं. धर्माजीनं अंगठा उठवला.

"आता शेवटचं," चंद्रभान सगळ्यांकडे बघत म्हणाला. "समुद्रात कुठं पाण्यातून बुडबुडे येताना पाहिलेत का कुणी? आपोआप, तळातून? तशी जागा असेल तर आमचं निम्मं काम झालं."

धर्माजीच्या अंगठ्यावरची शाई अजून ओली होती. हो म्हणावं, तर साहेब त्या चौकोनावरच जहाज नेणार. मग तिथं जाळी नाहीत हे दिसणार, आणि जाळी तिथं नाहीत तर कुठं आहेत, हा प्रश्न भिकासमोर निघणार.

"नाय," तो म्हणाला, आणि बाकीच्यांना तर खरोखरच ठाऊक नव्हतं.

जहाजापुढे एक राखणीची होडी ठेवायची होती. वाटेत जाळी दिसली तर लाल झेंडा दाखवायचा, जहाज वळणार. मुरब्याचा एक जाणता आणि सातपाटीचा एक, अशी दोन माणसं हवी होती. मुरब्यानं एकमुखानं धर्माजीला निवडलं, कारण समुद्राचा तळ त्याच्याइतका कुणाला पाठ नव्हता. सातपाटीनं भिकाला दिलं. नाही म्हणणं मानाला शोभलं नसतं. धर्माजीनं मनाशी मांडणी केली. जहाज खालून, वैतरणेच्या मुखाकडून सुरुवात करणार असं साहेब बोलला होता. खडपापर्यंत यायला त्याला आठ-दहा दिवस लागतील. मध्ये एक सुटीचा दिवस आहे. त्या दिवशी जाऊन जाळी काढली की झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीत पाय ठेवला तेव्हा चंद्रभान जहाजाच्या कठड्यावरून ओरडला, "धर्माजीबाबा, तुमच्यासाठी बेत बदललाय. खाली तुमची जाळी आहेत ना, ती चुकवायला वळसे फार पडतात. म्हणून आज वरच्या बाजूनं सुरू करतोय. खाली जाईपर्यंत तुमची जाळी निघालेलीही असतील!"

त्यानं हातही हलवला. मोठ्या मायेनं हलवला. आजाचा खडप वरच्याच बाजूला, पहिल्याच दिवसाच्या वाटेत होता.

दहाच्या सुमाराला जहाज तारापूरसमोर पोचलं आणि वळून सरळ दक्षिणेला येऊ लागलं. राखणीची होडी त्याच्यापुढे अर्धा मैल. इंजिनवाला मागे, मध्ये भिका, पुढे धर्माजी, मांडीवर लाल झेंडा. दर थोड्या वेळानं मागे पाण्यात दबका बार होई आणि होडीचं लाकूड तळव्यांना थरथरल्यासारखं लागे. हवा स्वच्छ होती. स्वच्छ हवा धर्माजीला आयुष्यात कधी एवढी नकोशी झाली नव्हती. घिवलीची झाडी मागे सरकत होती. धुराड्याचं टोक दिसलं. मग अर्धं धुराडं दिसलं. त्यानं काळदुर्गाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. गडाचं टोक कळसाच्या बोटभर डावीकडे होतं आणि सरकत होतं.

झेंडा उचलायचा होता, बस्स. हातभर काठी. पण झेंडा उचलला तर भिका विचारणार, इथं कुणाचं जाळं? आणि मग तीन पिढ्यांची जागा साऱ्या सातपाटीची होणार. पुढच्या थंडीत खडपावर पन्नास होड्या येणार. नाही उचलला, तर राहीबाईचे चार महिने गेले. तिच्या बोटांवरच्या चिरा त्याला दिसायला लागल्या. गडाचं टोक कळसावर आलं. त्याचा हात झेंड्यासकट वर गेला, छातीपर्यंत गेला.

"काय झालं रं, धर्मा?" भिकानं विचारलं.

धर्माजीनं झेंड्याला नाक पुसलं आणि तो परत मांडीवर ठेवला. "वारा बोचतोय," तो म्हणाला.

भिकानं बिडी काढली आणि पेटवली, ती जळत्या टोकाकडून तोंडात घातली, चटका बसला तशी थुंकून पाण्यात टाकली. एरवी धर्माजी यावर आठ दिवस हसला असता.

दोराची शेपटी बघायला राखणीची होडी थांबली आणि जहाज बाजूनं पुढे गेलं. कुणालाच काही कळलं नाही. दीड मैल दोर शांतपणे सरकत होता, आणि मग त्याच्या मागून, इतक्या वर्षांत आपण होऊन कधी वर न आलेला पांगाऱ्याचा बोया पाण्यावर उसळून आला, दोनदा गोल फिरला आणि जहाजामागे सातपाटीच्या दिशेनं पळत सुटला. धर्माजी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. त्याला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं आणि शेजारी भिका बसला होता.

घरी राहीबाईनं विचारलं, "जाळी कदी काडताव?"

"पाण्यात हायत," धर्माजी म्हणाला. आणि हे मात्र अक्षरशः खरं होतं.

तीन आठवडे जहाज वर-खाली फिरलं. बुजुर्ग माणूस रोज झेंडा घेऊन पुढे बसतो, म्हणून जहाजावरचे लोक त्याला सलाम करत. काम संपलं तेव्हा सोसायटीनं समारंभ ठेवला. टेबलावर नारळ, शाल, हार. बायका एका बाजूला सतरंजीवर बसल्या होत्या आणि त्यांत राहीबाई नवं लुगडं नेसून पहिल्या ओळीत होती.

चंद्रभान बोलायला उभा राहिला. म्हणाला, दुर्दैवानं इथं काही सापडलं नाही, वरपासून खालपर्यंत सगळं तपासलं, पण गॅसचा पत्ता नाही. "फक्त एक चौकोन आम्ही तपासला नाही. धर्माजीबाबांच्या जाळ्यांचा. जाळी निघाली असं ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. आमचे वरिष्ठ म्हणाले, एका म्हाताऱ्याच्या जाळ्यांसाठी नकाशात भोक ठेवायचं? मी त्यांच्याशी भांडलो. म्हटलं, शब्द दिलाय. आणि आजूबाजूला काही नाही, तर नेमकं तिथंच काय असणार?"

टाळ्या पडल्या. त्याच्या हातून शाल अंगावर पडली तेव्हा धर्माजीला ती ओल्या जाळ्याएवढी जड वाटली. हा परका पोरगा आपल्यासाठी साहेबाशी भांडला, आणि आपण त्याला काय दिलं? तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. लोक म्हणाले, दोन शब्द बोला. तो उठला. समोर राहीबाई आपली चिरा पडलेली बोटं मांडीवर जुळवून, सगळ्या जगात आपल्याच नवऱ्याचं कौतुक चाललंय अशा चेहऱ्यानं बघत होती.

"जाळी सलामत हायत," धर्माजी म्हणाला. "सायबाचं उपकार हायत." आणि खाली बसला.

समारंभ उरकल्यावर तो भिकाला पोचवायला खाडीवर गेला. पाहुण्याला धक्क्यापर्यंत सोडायची रीत होती. सातपाटीला नेणारी तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, अजून पलीकडेच होती. दोघं धक्क्यावर उभे राहिले, धर्माजी शाल पांघरूनच.

"धर्मा, येक इचारू?" भिका पाण्याकडे बघत म्हणाला. "त्या दिवशी झेंडा का नाय उचललास?"

"कंच्या दिवशी?"

"तुज्या खडपावर. बोया गेला तो मीबी बगितला. पांगाऱ्याचा."

धर्माजी गर्रकन त्याच्याकडे वळला. "तुला... तुला कसं ठाव?"

"आता सातपाटीत कुणाला ठाव नाय? माज्या बापानं मला दाकवला तवा मी मिसरूड फुटल्याला व्हतो. बोलला, ही मुरब्याच्या धर्माच्या घरची जागा हाय, हितं जाळं टाकायचं नाय. मी माज्या पोरांना तेच सांगितलंय. कोन गेलाय का तितं कदी?"

कोणी गेलं नव्हतं. आयुष्यात एकदाही खडपावर धर्माजीला दुसऱ्याची होडी दिसली नव्हती, आणि हा आपल्या हुशारीचा पराक्रम आहे असं तो समजत आला होता. जिव्या वीस वर्षं उगाच मान आखडून घेत होता.

"मग बोलला का नाय तू, भाड्या?" धर्माजी ओरडला. त्याचे डोळे भरून आले होते आणि त्याला ते पुसायचंही भान नव्हतं. "शेजारी बसलेलास! हापिसात बसलेलास! चार मयने विनली तिनं ती जाळी! येक शबुद बोलला असतास!"

"मी कसा बोलनार?" भिकाचाही आवाज चढला. "दुसऱ्याची जागा तोंडातनं कशी काडायची? त्वा हापिसात वांझ पाण्यावर बोट ठेवलंस, मला वाटलं, त्याला बोलायचं नसल. होडीत हात उचललास, मी बोललो बरं झालं, आता उचलतोय. तर नाक पुसलंस. तुज्या तोंडावर तुजी जागा बोललो असतो, तर जलमात माजं तोंड बगितलं असतंस का तू?"

धर्माजीनं खरोखरच विचार केला. नसतं बघितलं. तो धक्क्याच्या दगडावर बसला. भिकाही शेजारी बसला.

"राहीवैनीला सांगितलंस?"

"नाय."

"सांग आज. दुसऱ्याकडनं कळंल त्यापरीस बरं." मग खाकरून म्हणाला, "उद्या माजी होडी घेऊन जाऊ. आकडा फिरवू. खडकात अडकून काय तुटकं ऱ्हायलं आसल, तेवडं तरी तिच्या हातात देऊ."

धर्माजीनं मान हलवली. पलीकडची होडी अलीकडे येऊन लागली. भिका उठला, धोतर सावरलं, आणि चढता चढता, चेहऱ्यावरची रेघही न हलवता त्यानं विचारलं, "मंग कंच्या अंगाला जायाचं?"

धर्माजीचा उजवा हात आपोआप वर गेला. शाल खांद्यावरून घसरली. बोट दक्षिणेकडे वळलं होतं.

भिकानं दक्षिणेकडे नीट बघून घेतलं, अगदी मान देऊन.

"बरं," तो म्हणाला. "मंग उजाडता घिवलीकडं निगू."